सेक्शनमध्ये एकच गाडी

९ नोव्हेंबर, रविवार. वरच्या दोन खोल्यांचे खिळे काढायचे आहेत. उद्या पेंटर येणार, आणि पुढच्या आठवड्यात बँकेतल्या एक बाई राहायला येणार. पक्कड, हातोडी, पुट्टीचा डबा आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन वर आले. कॅलेंडरचा खिळा निघाला, आरशाचा निघाला, मच्छरदाणीचेही निघाले. दाराच्या चौकटीजवळचा एक राहिला. तो इतका उंच आहे की स्टुलावर चढावं लागतं, आणि त्याला ते कडं अजून टांगलेलं आहे.

कडं वेताचं आहे, लहान मुलाच्या सायकलच्या चाकाएवढं. खालच्या बाजूला चामड्याची पिशवी शिवलेली, आणि पिशवीत नर्मदेच्या ग्वारीघाटावरचा एक गुळगुळीत गोटा. जूनमध्ये वासनिक काका गेले तेव्हापासून ते तिथेच आहे. मधल्या काळात मी झाडायला वर आले, पावसाळ्यात गळकं छत दाखवायला मिस्त्रीला घेऊन आले, आणि दर वेळी कड्याकडे बघून खाली गेले. काका ते विसरले की मुद्दाम ठेवून गेले, ते मला ठरवता येत नव्हतं. वस्तू विसरणाऱ्यांतला माणूस नव्हता तो. आणि हे कडं न घेता मुद्दाम निघून जाणं तर त्याहून अशक्य होतं.

वासनिक काका आमचे भाडेकरू. रेल्वेत स्टेशन मास्टर होते. सगळी नोकरी गोंदिया–जबलपूरच्या छोट्या लाईनवर, जंगलातल्या स्टेशनांत. ती लाईन रुंद करायला बंद झाली आणि त्याच सुमारास काका रिटायर झाले. काकू त्याआधीच वारल्या होत्या. मुलगा मिलिंद पुण्यात कंपनीत. गोंदियाला भावाचं घर होतं, पण ते सोडून काका इथे जबलपूरला, कांचघरमध्ये आमच्याकडे खोल्या बघायला आले. खोल्या बघितल्याच नाहीत. गॅलरीत उभे राहिले आणि म्हणाले, "इथून शिटी ऐकू येते जी. चालते."

मोहल्ल्यात त्यांना सगळे "मास्टर साहब" म्हणायचे. त्यामुळे शेजारच्या दुबे भाभी पहिल्याच आठवड्यात गणिताच्या शिकवणीचं विचारायला आल्या. "भाभीजी, मैं वो वाला मास्टर नहीं," काकांनी सांगितलं. "तो फिर कौन से वाले?" काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि सिग्नल म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. दुबे भाभी परत शिकवणीचं बोलल्या नाहीत.

मी राइट टाउनला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. सकाळी स्कूटर फाटकाबाहेर काढली की काका वर गॅलरीत हजर. पँट, इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. लुंगीवर मी त्यांना कधी पाहिलं नाही. स्कूटर वळेपर्यंत ते एक हात आडवा, सरळ धरून उभे राहायचे. शेजारधर्म म्हणून मीही हात हलवायचे. महिनाभराने त्यांनी मला जिन्यात अडवलं.

"अलकाताई, मी टाटा नाही करून राहिलो."

"मग?"

"ऑल राईट दाखवून राहिलो. गाडी स्टेशनातून जाते ना, तेव्हा स्टेशन मास्टरनं बाहेर उभं राहून पूर्ण गाडी पाहायची असते. चाकं, डबे, दारं. सगळं बरोबर असलं तर हात असा धरायचा. गार्डनंही तसाच दाखवायचा. तुम्ही हात हलवता, तो धोक्याचा इशारा होते जी."

मला हसू आलं, पण दुसऱ्या दिवसापासून मी हात सरळ धरला. त्याचा फायदाही झाला. एक दिवस मी निघाले तर वरून दोन्ही हात उंच करून काका ओरडले, "रोखो! हँगिंग पार्ट!" मी ब्रेक मारला. माझी ओढणी मागच्या चाकाजवळ लोंबत होती. खाली येऊन त्यांनी मला दोष दिला नाही, उपदेशही केला नाही. ओढणी गुंडाळून माझ्या हातात दिली, चाकाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आता जा. राइट टाईम आहे."

त्यांना मुतखड्याचा त्रास होता. एक पडायचा, वर्षभरात दुसरा व्हायचा. मग हाडं दुखायला लागली, भूक गेली, आणि नावं आठवेनाशी झाली. स्टेशनांची नावं क्रमाने म्हणून दाखवणारा माणूस नैनपूरच्या अलीकडचं स्टेशन आठवत बसायला लागला, तेव्हा मीच मिलिंदला फोन केला. नागपूरच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं. गळ्यात थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार गाठी असतात, पॅराथायरॉईड म्हणतात त्यांना. त्यातली एक फुगली होती आणि हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात सोडत होती. काका हे सगळ्यांना आपल्या भाषेत सांगायचे. "डब्यातला माल चोरून खाली उतरवून राहिली होती. किती वर्षांपासून, कोण जाणे. आता पकडली."

फेब्रुवारीत नागपूरला ऑपरेशन झालं. मिलिंद आठवडाभर होता. परत आले तेव्हा गळ्यावर, वळीच्या आतच, दोऱ्याएवढी रेघ. रिपोर्ट उत्तम. मिलिंद पुण्याला जाताना मला म्हणाला, "काकू, एप्रिलपर्यंत एकदम ठणठणीत व्हायला पाहिजेत. नाही झाले तर मी त्यांना घेऊन जातो. एकटे नाही ठेवणार." हे तो काकांसमोरच बोलला. काका बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांनी एक नाडी सोडून परत बांधली.

म्हणजे मुदत ठरली. या वरच्या खोल्या, ही गॅलरी, ती शिटी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी नुसतं बरं व्हायचं होतं. आणि तेच होईना.

मार्चमध्ये रिपोर्ट पुन्हा चांगला आला. काकांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "कागदावर गाडी आली. प्लॅटफॉर्मवर नाही आली."

थकवा कसला, ते समजावून सांगणं त्यांना जमत नव्हतं. ताप नाही, धाप नाही, दुखणं तर उलट कमी झालेलं. दाढी करायचे आणि ब्रश हातात धरून पलंगावर बसायचे, अर्धा फेस तसाच. बोलता बोलता वाक्य मध्येच सोडून द्यायचे. विसरायचे म्हणून नव्हे, पुढचे शब्द उचलवत नाहीत म्हणून. लोक भेटायला यायचे आणि गळा बघायचे. गळा तर छान दिसत होता. दुबे भाभींनी सरळ विचारलं, "मास्टर साहब, ऑपरेशन तो गले का था. थकान पैर में कैसे?" काका म्हणाले, "भाभीजी, इंजन बदल दिया, डिब्बे अभी खाली हैं." भाभींनी माझ्याकडे पाहिलं. खाली आल्यावर मला म्हणाल्या, "दिमाग पे तो असर नहीं हुआ?"

पलीकडच्या गल्लीत बुद्ध विहार आहे. रविवारच्या वंदनेला काका पांढरा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी जायचे, सतरंज्या अंथरायचे आणि वेळ झाली की कोणाची वाट न बघता सुरू करायला लावायचे. ऑपरेशननंतर एकदा गेले. खाली बसले, उठता येईना. दोघांनी बगलेत हात घालून उठवलं. पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती म्हणे. काका गेले नाहीत. मग तिकडचे लोक घरी यायचे. "जय भीम काका, आता तर झालं ऑपरेशन, आता बरं आहे ना?" काका "हो" म्हणायचे. ते गेल्यावर मला म्हणायचे, "प्रश्न विचारायच्या आधीच पुढे जायचा सिग्नल पाडून ठेवतात. माणूस थांबेल कसा?"

डॉक्टरांना फोन लावला की ते सांगायचे, हाडं आपलं कॅल्शियम परत ओढून घेतायत, गोळ्या चालू ठेवा, होईल हळूहळू. एकदा मी फोन स्पीकरवर लावला होता. काका शांतपणे म्हणाले, "डॉक्टर साहेब, गाडी लेट आहे, याची माझी तक्रार नाही. किती लेट, तेवढं सांगा. मी बोर्डावर लिहीन आणि बसून राहीन." डॉक्टर हसले. चांगले होते, पण आकडा त्यांच्याकडेही नव्हता. काकांनी फोन खाली ठेवला. "बाजूच्या लूप लाईनला उभं केलं मला," म्हणाले, "आणि सांगूनही नाही राहिले, कोणती गाडी पुढे काढायची म्हणून."

मग त्यांनी ते कडं खाली काढलं.

हे कडं म्हणजे त्यांच्या छोट्या लाईनचं टोकन. एकेरी रूळ असतो, दोन स्टेशनांच्या मध्ये, म्हणजे सेक्शनमध्ये, एका वेळी एकच गाडी हवी. म्हणून स्टेशनातल्या यंत्रातून एक लोखंडी गोळा काढायचा, तो या पिशवीत घालायचा, आणि कडं ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नाही. पुढच्या स्टेशनात गोळा जमा झाल्याशिवाय दुसरा गोळा निघत नाही. चालत्या इंजिनातून ड्रायव्हरला ते झेलता यावं म्हणून कडं डोक्याच्या वर धरावं लागतं. काकांनी खिळाही म्हणूनच एवढा उंच ठोकला होता. लाईन बंद झाली तेव्हा भंगारात चाललेलं कडं साहेबांना विचारून ते घेऊन आले होते. गोळा सरकारी, तो परत गेला. त्याच्या जागी हा गोटा.

आता त्याचं काम असं. चहा करायचा तर आधी कडं खिळ्यावरून काढायचं आणि खांद्यावर अडकवायचं. चहा करायचा, प्यायचा, कप धुवायचा, कडं परत खिळ्यावर. मग पडून राहायचं. ते खांद्यावर असेपर्यंत दुसरं काहीही सुरू करायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा. मी एकदा वर गेले, तर कडं खांद्यावर टाकून काका भेंडी चिरत होते. मी विचारलं, "काका, गोळी घेतली का दुपारची?" त्यांनी मान वर केली नाही. बोटाने कड्याकडे दाखवलं. भेंडी संपली, विळी धुतली, कडं खिळ्यावर गेलं, तेव्हा म्हणाले, "हां, बोला. आता लाईन क्लियर आहे."

मला ते पटलं. मी स्वतः एका वेळी चार कामं करते आणि चारही अर्धी राहतात. त्यांची दिवसात दोन-तीनच व्हायची, पण पुरी व्हायची. मार्चअखेरपर्यंत ते अंघोळ, स्वयंपाक आणि जिना उतरून दूध आणणं, इतकं सांभाळायला लागले. जिनाच खरा त्रासाचा होता. आमचा जिना बाहेरून आहे, सरळ आणि उभा. खालची बाहेरची खोली रिकामी असती तर मी तेव्हाच दिली असती, पण ती आमच्या मुलीची, रुचाची. तिचं बारावीचं वर्ष, दिवसभर दार लावून आत.

एप्रिलमधली ती सकाळ. मी ऑफिसात होते. रुचा परीक्षेला गेलेली, आमचे हे त्यांच्या कामाला. फोन आला. "अलकाताई, इंजिन फेल. मी जिन्यात आहे. मदत पाहिजे."

"पडलात का?"

"नाही जी. बसलो आहे. दूध आणायला गेलो होतो, येताना मधेच पाय बंद झाले."

"तिथेच बसा, मी येते," म्हटलं. आणि नेमकं तेव्हाच प्राचार्यांनी बोलावलं, एक फाईल सापडत नव्हती, ती शोधेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. मी पोचले तेव्हा काका जिन्यात मध्यावर बसलेले. सावली केव्हाच सरकून गेली होती, डोक्यावर ऊन. खांद्यावर कडं, शेजारी दुधाची पिशवी, दूध तापून फाटायच्या बेतात. खाली फाटकाशी दुबे भाभी आणि आणखी दोघी उभ्या. "हमने बहुत कहा उठने को, उठते ही नहीं!"

मी हात धरला, तर काका आपणहून उठले. सरळ चढून गेले. मी मागे चढत होते. वर गेल्यावर विचारलं, "काका, चढता येत होतं तर बसून काहून राहिले?" मलाही त्यांच्यासारखं बोलायची सवय लागली होती.

"ताकद तर थोड्या वेळात परत आली होती," ते म्हणाले.

"मग?"

"मी मदत मागितली होती ना. मदतीचं इंजिन मागितलं की गाडी जागची हलवायची नसते. मागून इंजिन येऊन राहिलं असते. इंजिन दुरुस्त झालं तरी हलायचं नाही. हललो आणि तुम्ही धडकल्या असत्या तर?"

"मी जिन्यात काय धडकणार, काका?"

त्यांनी यावर विचार केला. खरंच केला. मग म्हणाले, "नियम तसाच आहे." आणि दूध तापवायला घेतलं.

मी खाली आले आणि हसले. पण दुबे भाभी हसल्या नव्हत्या. मिलिंदचा नंबर त्यांच्याकडे होता. बुड्ढा बाप भर उन्हात जिन्यात बसून राहतो आणि उठत नाही, असं त्यांनी कळवलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी मिलिंदचा मला फोन. उद्या सकाळी व्हिडिओ कॉल करतो, बाबा कसे चालतात, काय करतात ते मला बघायचंय, तुम्ही फोन धरा. मी वर जाऊन सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

सकाळी वर गेले तर काका तयार. गुळगुळीत दाढी, निळा शर्ट, बूट पॉलिश केलेले. कडं खिळ्यावर. मी फोन धरला. काका स्वयंपाकघराच्या दारापासून गॅलरीपर्यंत चालत गेले, परत आले, ट्रेमधून माझ्यासाठी चहा आणला, एका हाताने. मिलिंदला नैनपूरच्या अलीकडच्या सगळ्या स्टेशनांची नावं म्हणून दाखवली. जिन्याचं विचारल्यावर म्हणाले, "अरे, दुबेबाईला काय कळते रेल्वेचे नियम? मी ड्युटीवर होतो." मिलिंद मोठ्याने हसला. "बाबा, तुम्ही तर एकदम फिट दिसताय. चलो, मग राहा तिथेच. मी दिवाळीत येतो." काकांनी हात आडवा, सरळ धरला. ऑल राईट.

फोन बंद झाला. काका होते तिथेच फरशीवर बसले. खुर्ची हातभर अंतरावर होती.

"चहा तुम्हीच प्या," म्हणाले.

मी त्यांचे बूट काढले, डोक्याखाली उशी दिली आणि ऑफिसला गेले. मनात म्हटलं, झालं, जिंकले. आता दिवाळीपर्यंत कोणी विचारणार नाही. तोवर येईल गाडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सुट्टीचा दिवस होता, त्यांनी मला वर बोलावलं. कालचाच निळा शर्ट अंगावर, चुरगळलेला. "मिलिंदला लावा," म्हणाले. "आणि तुम्ही समोर बसा. काल साक्षीला होत्या, आजही बसा."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मिलिंद, काल मी चुकीचा ऑल राईट दाखवला."

"म्हणजे? काय झालं बाबा?"

"काल तुला जे चालून दाखवलं ना, त्याच्यानंतर आत्तापर्यंत मी उठलो नाही. बूट अलकाताईंनी काढले. काल रात्री जेवलो नाही, आज अंघोळ नाही केली. रोज असं नाही होत. पण होते. आणि केव्हा थांबेल, डॉक्टरला माहीत नाही, मलाही नाही."

मिलिंद म्हणाला, "मग काल तसं काहून केलं, बाबा?" पुण्याला राहून सुटलेलं त्याचं "काहून" परत आलं होतं.

"इथे राहायचं होतं. म्हणून."

मिलिंदचा आवाज बदलला. "आईच्या वेळेलाही तुम्ही फोनवर सगळं ठीक आहे म्हणायचे. मी आलो तेव्हा काय राहिलं होतं?"

उत्तराची वाट न बघता तोच म्हणाला, "मी तिकीट काढतो. इकडचं आवरून जूनमध्ये येतो न्यायला. तोवर काकूंना सांगा लक्ष ठेवायला." आणि फोन ठेवला.

मला राग आला होता. मी तो लपवला नाही. "काका, तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"काढणारच तो तिकीट. ड्युटी आहे त्याची." मग पडल्या पडल्या छताकडे बघत त्यांनी एका जंगलातल्या स्टेशनची गोष्ट सांगितली, तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये दम खात. तिथे सुखलाल नावाचा कांटेवाला, रुळांचे सांधे बदलणारा, होता. गाडी जाताना रुळाच्या पलीकडच्या बाजूने त्याने बघायचं आणि हात दाखवायचा. एक दिवस दुपारी त्याने खाटेवर बसूनच हात धरला. त्याच बाजूला एका डब्याच्या चाकाचा आस तापून धूर निघत होता. पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत डब्याची फळी जळाली. माणसं वेळेत उतरली, कोणाला काही झालं नाही. चौकशीत सुखलाल म्हणाला, साहब, रोज तो ठीक ही रहती थी.

"रोज ठीकच असते जी," काका म्हणाले. "म्हणूनच तर बघायचं असते. त्याच्यावर सही मीच केली होती, त्याला काढायच्या कागदावर. आता मी तेच करू काय?"

मी खाली गेले, वरणभात घेऊन आले.

मे महिना तसाच गेला. गॅलरीत उभं राहणं त्यांनी सोडलं. दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे. माझी स्कूटर तिथून दिसत नाही, तरी मी निघताना वर बघायचे. शिटी झाली की मात्र त्यांची मान वळायची. खोलीतच बसून, खिडकीच्या गजांमागून, पलीकडच्या गल्लीतल्या जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांकडे बघायचे. कडं कधी खांद्यावर असायचं, कधी मांडीवर. खिळ्यावर चढवायला त्यांना आता उभं राहून, चवड्यांवर येऊन, दोनदा हात न्यावा लागायचा. मी एकदा म्हटलं, "खिळा खाली ठोकून देऊ का?" म्हणाले, "नको. टोकन उंचच पाहिजे."

जूनमध्ये मिलिंद आला. भला मुलगा आहे. सगळं स्वतः बांधलं, मोहल्ल्यात सगळ्यांना भेटला, दुबे भाभींच्या पाया पडला. काका मला म्हणाले, "खोल्या अडवून ठेवू नका. द्या दुसऱ्याला. लाईन मोकळी पाहिजे." जाताना मिलिंदने त्यांना धरून जिना उतरवला. स्टेशनला जायला गाडी उभी होती. काका मागच्या सीटवर, खिडकीशी. मी फाटकात.

गाडी सुरू झाली तेव्हा मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी वाकून चाकं पाहिली. पुढची, मग मागची. दार नीट लागलं होतं. काही लोंबत नव्हतं. मी हात आडवा, सरळ धरला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हात वर केला नाही. खिडकीच्या काठावर त्यांचा पंजा नुसता पडलेला होता, बोटं सरळ. गाडी वळेपर्यंत तो तसाच होता. मला वाटलं, रागावले असतील. आम्हा सगळ्यांवर. मग वर आले तर कडं खिळ्यावर. टोकन न घेता गाडी निघून गेली होती.

आज स्टुलावर चढून ते कडं हातात घेतलं आणि तिथेच बसून पुण्याला फोन लावला. एवढ्या महिन्यांत मी दोनदा केला होता, दोन्ही वेळा मिलिंदच बोलला. आज काकांनी उचलला.

"अलकाताई? बोला. लाईन क्लियर आहे."

मी कसे आहात, असं विचारलं नाही. विचारलं, "आज काय काय झालं?"

"दाढी. आणि लिफ्टनं खाली जाऊन आलो. सकाळच्या दोन गाड्या जाऊन राहिल्या आता." थोडं थांबून, "तिसरी नाही जमत अजून." मग स्वतःहूनच म्हणाले, "घर लयच उंच आहे इथे. खिडकीतून गाड्यांचे टप दिसतात फक्त. चाकं नाही दिसत. काय ऑल राईट देणार?"

"काका, टोकन इथेच राहिलं तुमचं."

"माहीत आहे."

"विसरलात की ठेवलं?"

मी खिळ्याकडे बघत होते.

"हात वर नाही झाला जी त्या दिवशी," ते म्हणाले. "जिना उतरायचा होता, म्हणून सगळी ताकद पायांसाठी ठेवली होती. खिळ्यापर्यंत हात गेलाच नाही. मिलिंदला म्हणायला पाहिजे होतं, काढून दे म्हणून. तोंडानं तर सगळं सांगितलं होतं त्याला. पण हे बघू द्यायचं नव्हतं."

"आणि गाडीत?"

"गाडीतही तेच. तुम्ही चाकं पाहून राहिल्या होत्या, मी पाहिलं. बरोबर पाहिली. मी बोटं सरळ केली होती. दिसली काय?"

"दिसली," मी म्हटलं.

"मग झालं."

पुऱ्या वाढल्या म्हणून कोणीतरी हाक मारत होतं तिकडे. काकांनी फोन ठेवला.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी पेंटर यायच्या आत वरचा खिळा काढला आणि भोक बुजवलं. मग खाली रुचाच्या खोलीत गेले. ती जुलैपासून इंदूरला कॉलेजात आहे, सुट्टीत आली की माझ्या खोलीत झोपते. तिथलं अभ्यासाचं टेबल बाहेर काढलं. दाराजवळ, फाटक दिसेल अशी, खुर्ची ठेवली. खुर्चीत बसले आणि हात, काही जोर न लावता, बाजूला भिंतीकडे नेला. जिथे टेकला तिथे पेन्सिलीने खूण केली, खिळा ठोकला आणि कडं टांगलं. बसून दोनदा काढून परत लावून पाहिलं. पेंटर आला, त्याला सांगितलं, वरच्या आधी ही खोली कर, आणि हा खिळा काढायचा नाही. मग स्कूटर काढली आणि ऑफिसला गेले.